युरियाचं पाणी

सरिता थूलनं आयुष्यातली पहिली खुरपी विकत घेतली तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. तोवरचे दिवस भाड्याच्या खोल्यांत आणि सरकारी क्वार्टरांत गेले होते. बाग म्हणजे खिडकीतल्या तेलाच्या डब्यात लावलेला गवती चहा, एवढंच तिला ठाऊक होतं. कारंज्याच्या तहसील कार्यालयात ती कारकून होती आणि तिचा नवरा रत्नदीप आर्वीच्या एका शाळेत शिकवत होता. हायवेपासून थोडं आत पडलेल्या नव्या लेआउटमध्ये दोघांनी घर बांधलं. घरापुढे काळ्या मातीची बरीच जागा उरली. रत्नदीपचं म्हणणं, फरशी बसवून टाकू. सरितानं भाजीचा हट्ट धरला आणि तो पुरा करून घेतला.

अण्णाजींचं कृषी केंद्र बसस्टँडच्या रस्त्यावर होतं. सरितानं तिथं गेल्या गेल्या काचेतला रंगीत मुठींचा सेट मागितला. अण्णाजींनी तो काढून दाखवला खरा, पण हातात देताना सांगितलं की हे कुंडीत माती उकरायला ठीक आहे, तुमची जमीन काळी आहे, वाळली की दगड होते, पहिल्या दिवशीच याची मूठ निघून हातात येईल. मग त्यांनी आतून लोहारानं घडवलेली खुरपी आणली, बायकांना झेपेल अशी हलकी कुदळ आणली, ढेकळं सारखी करायला दाताळं, एक घमेलं, बारीक तोटीची झारी आणि छाटणीची कात्री. सरितानं प्रत्येक वस्तू हातात धरून, वाकून, दुकानातच जमीन खणल्यासारखं करून पाहिली. एक खुरपी तिनं मुठीला फट आहे म्हणून परत केली. अण्णाजी हसले आणि म्हणाले की असं पाहून घेणारं गिऱ्हाईक मला आवडतं.

खताशी मात्र गाडी अडली. अण्णाजी गांडूळ खत आणि निंबोळी पेंड घ्या म्हणत होते. सरिताचा धीर निघत नव्हता. वांग्याची आणि मिरचीची रोपं तिनं आधीच घरातल्या उलथन्यानं माती उकरून लावली होती, पानं पिवळी पडत चालली होती, आणि ऑफिसातल्या एकानं सांगितलं होतं की युरिया टाका, चार दिवसांत बाग हिरवीगार. अण्णाजींनी दोनदा समजावलं. मग त्यांनी घरच्या वापराच्या फोडलेल्या पोत्यातून पिशवीभर युरिया काढून दिला. घ्यायचाच तर चिमूटभर घ्या, ओल्या जमिनीत द्या, पाण्यात कालवला तर भांडं उघडं सोडू नका, जनावर पिऊन जाईल, असं ते सांगत होते. सरितानं मान हलवली. तिचं सगळं लक्ष खुरपीकडे होतं.

खरं तर खत तिला घरबसल्या मिळत होतं. शेजारच्या शकुंतलाबाईंकडे एक गवळाऊ गाय होती, पांढरीशुभ्र, मोगरी नावाची. त्यांच्या मागच्या अंगणात शेणखताचा ढीग होता. त्यातलं लागेल तेवढं घमेलं भरून ने, असं शकुंतलाबाईंनी तारेच्या कुंपणावरून सांगितलं होतं. सरितानं हो-हो म्हणत टाळलं होतं. शकुंतलाबाई वयानं साठीच्या, व्यापारी घरातल्या, बोलायला गोड. त्यांचा मुलगा धीरज सिमेंट-लोखंडाचं दुकान चालवत होता. सरिता त्यांच्याकडूनच दूध घ्यायची. पण दूध देताना शकुंतलाबाई आपलं माप सरिताच्या भांड्यापासून वीतभर वर धरत आणि तिथून धार सोडत. माप भांड्याला कधी लागलं नाही. सरिताला हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं आणि तिनं त्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. दूध चांगलं होतं. मात्र फुकटचं शेणखत घ्यायला तिचं मन झालं नाही.

त्या रविवारी रत्नदीप बहिणीकडे वर्ध्याला गेला होता. दसरा होऊन गेला होता तरी ऊन भाजून काढत होतं. दुपार कलताना सरितानं बादलीत अर्ध्यापर्यंत पाणी घेतलं आणि वाटी भरून युरिया टाकला. थोडा वाटला म्हणून आणखी एक वाटी टाकली. आधी चांगला विरघळू द्यावा, मग झारीत थोडं थोडं घेऊन पातळ करावं, असा तिचा बेत होता. दाणे विरघळताना बादली बाहेरून थंडगार पडली. तेवढ्यात आत फोन वाजला. गावाहून आईचा होता. आईचं बोलणं सुरू झालं की आवरतं घेणं कठीण. सरिता पलंगावर टेकून ऐकत राहिली.

ती बाहेर आली तेव्हा बादली आडवी पडली होती.

आधी तिला वाटलं वाऱ्यानं पडली. पण माती ओली नव्हती. बादलीच्या आसपास हाताएवढा ओलावा, बस. आणि वाफ्याच्या कडेनं, मिरचीची दोन रोपं चेंगरून, खुरांचे खोल ठसे कुंपणाच्या तुटक्या तारेपर्यंत गेले होते. तारेपलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर मोगरीचा खुंटा उपटून पडला होता. दावं मातीत ओढल्याची रेघ थेट शकुंतलाबाईंच्या फाटकाकडे गेली होती.

सरितानं काय केलं असेल तर बादली उचलली, नळाखाली धरली आणि विसळून पालथी घातली. आपण हे करतोय हे तिला बादली पालथी पडल्यावर कळलं.

तिनं रत्नदीपला फोन लावला. तो वर्ध्याच्या बसस्टँडवरच होता, मागे गाड्यांचा आवाज येत होता. तिनं काय झालं ते सांगितलं.

“कोणी पाह्यलं का?” त्यानं विचारलं.

“नाई.”

“मंग तू काईच बोलू नको. मी निघूनच राह्यलो. आल्यावर पाहू.”

“अहो, पण तोवर ते मरन.”

“सरिता, गाय आहे ते. आपल्या आंगणात, आपल्या बादलीत तोंड घातलं तिनं. लोकं युरिया म्हणनार नाईत. इख घातलं म्हणतीन. समजून राह्यली का तू?”

सरिताला चांगलंच समजत होतं. अशा बातम्या तीही वाचत होती. गल्लीत आपल्या समाजाचं एकच घर आहे हे तिला घर बांधतानाही माहीत होतं. तिनं फोन ठेवला, दाराला आतून कडी लावली आणि उभीच राहिली. पलीकडून शकुंतलाबाईंचा आवाज यायला लागला. आधी लाडानं, मोगरीला रागावल्यासारखा. मग तो आवाज बदलला. “काय झालं वं माय तुले? अशी काऊन करून राह्यली?” असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आणि गाय दात खात असल्याचा करकर आवाज भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

सरिताकडे तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरचा नंबर होता. निवडणुकीच्या कामात दोघी एका टेबलावर बसल्या होत्या. डॉक्टर रूपाली, तरुण बाई, रविवार असूनही तळेगावच्या बाजूला एका म्हशीपाशी अडकलेली. सरितानं घाईघाईनं सांगितलं की शेजारची गाय आहे, थरथर कापते, तोंडाला फेस आहे. डॉक्टरनं पहिलाच प्रश्न केला, काय खाल्लं तिनं? सरिता थांबली. खिडकीच्या जाळीतून तिला शकुंतलाबाईंच्या लुगड्याचा काठ इकडून तिकडे धावताना दिसत होता.

“सांगा ना, काय खाल्लं? ते कळल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही.”

“युरिया,” सरिता म्हणाली. “पाण्यात कालवलेला. दोन वाट्या. माझ्या बादलीतला.”

डॉक्टरचा आवाज एकदम कामाचा झाला. किती वेळ झाला, पोट फुगलं का, उभी आहे का, एवढं विचारून ती म्हणाली, “ऐका. व्हिनेगर लागेल, सिरका. चार-पाच लिटर तरी. तेवढ्याच थंड पाण्यात मिसळून हळूहळू पाजायचं, आणि वरून आणखी थंड पाणी. मान जास्त वर करायची नाही, नाहीतर फुप्फुसात जाईल. गाय बसली तर छातीवर बसू द्या, आडवी पडू देऊ नका. मी निघते, पण मला पोचायला वेळ लागेल. माझ्या भरवशावर थांबू नका. आणि आधी मालकाला सांगा. नाहीतर पोट फुगलं समजून ते गरम काहीतरी पाजतील. गरम अजिबात नको.”

सरितानं कडी काढली.

शकुंतलाबाईंच्या अंगणात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. मोगरी गोठ्याच्या खांबाला अंग टेकून उभी होती. कातडी जागोजागी उडत होती, मागचे पाय फाकले होते, डावी कूस ढोलासारखी ताठली होती. शकुंतलाबाई ओव्याचं कढत पाणी पातेल्यात घेऊन स्वयंपाकघरातून येत होत्या.

“काकू, थांबा. ते नका पाजू.”

शकुंतलाबाई थबकल्या.

“तिनं युरिया पिला. माह्या बादलीतला. बागेसाठी कालवला होता मी. झाकला नाई. आत गेली आन् तेवढ्यात ते आली.” सरिताला दम लागला होता. “माही चूक आहे. डॉक्टर मॅडमले फोन केला मी. सिरका पाजा म्हणते. गरम काई द्यायचं नाई.”

शकुंतलाबाईंनी पातेलं खाली ठेवलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं ते सरिताला ओळखता आलं नाही.

“गाभन हाये ते,” त्या शेवटी म्हणाल्या.

तेवढ्यात धीरजची मोटारसायकल फाटकात आली. आईनं आधीच फोन करून त्याला बोलावलं होतं. मागे दुकानातले दोघे होते. सरितानं तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना शब्द आणखी जड झाले. धीरजनं ऐकून घेतलं आणि विचारलं की बादली कुठे आहे. सरितानं सांगितलं की मी ती विसळून ठेवली. का विसळली, असं त्यानं विचारलं. “घाबरली म्हणून,” ती म्हणाली. धीरजनं दुकानातल्या दोघांकडे पाहिलं. मग सरिता व्हिनेगर आणायला वळली तसा तो तिच्या वाटेत येऊन उभा राहिला आणि म्हणाला की मॅडम, तुम्ही कुठंच जायचं नाही, इथंच थांबायचं.

मोगरीनं गुडघे टेकले. मोठा श्वास सोडून ती खाली बसली.

“जाऊ दे तिले,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “सिरका कुठी भेटते ते तुले ठाव हाये का?”

धीरज बाजूला झाला.

गावातलं चायनीजचं दुकान संध्याकाळशिवाय उघडत नव्हतं. सरितानं स्कूटी थेट हायवेवर घातली. पहिल्या ढाब्यावर कांद्यात टाकायचा सिरका अर्धी बाटली निघाला. तिनं तो घेतला आणि पुढच्या ढाब्याकडे निघाली. ट्रक अंगावरून जात होते, तिच्या ओढणीचं टोक चाकाजवळ फडफडत होतं, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती की आपण परत जाऊ तेव्हा गाय गेलेली असेल. मनात आलं, असंच पुढे जावं, तळेगावच्या दिशेनं, रत्नदीपची बस समोरून येत असेल, तिला हात करावा. पुढचा ढाबा दिसला तशी तिनं स्कूटी आत वळवली.

तिथला आचारी आधी देईना. मालक नागपूरला गेला आहे, पूर्ण कॅन कसा देऊ, असं तो हिंदीत म्हणत होता. सरितानं गाय म्हटलं, युरिया म्हटलं, माझ्या हातून झालं म्हटलं. आचाऱ्यानं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि भट्टीमागून पांढरा प्लास्टिकचा कॅन आणून तिच्या पायांपाशी ठेवला. पैशाचं नंतर पाहू म्हणाला.

ती परतली तेव्हा शकुंतलाबाईंच्या फाटकापाशी माणसं जमली होती. बरीचशी लेआउटमधली, काही कधी न पाहिलेली. एक जण मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता. सरितानं स्कूटी लावली, कॅन उचलला आणि गर्दीतून वाट काढायला लागली. कोणी तिला अडवलं नाही, पण कोणी बाजूलाही झालं नाही. मोबाइलवाल्यानं कॅमेरा तिच्या तोंडावर आणला.

“मॅडम, तुमचं आडनाव काय?”

“थूल.”

त्याला तेवढंच हवं होतं. फाटकापाशी जी कुजबुज चालली होती ती थांबली, आणि त्या शांततेत सरिताला आपल्या हातातल्या कॅनमध्ये सिरका हिंदकळल्याचा आवाज ऐकू आला.

आत मोगरी छातीवर बसली होती. दोघे जण तिला दोन्ही बाजूंनी टेकवून बसले होते. धीरजनं कॅनकडे बोट केलं.

“आता तुमच्या हातचं काईच द्यायचं नाई तिले. डॉक्टर येऊ द्या.”

सरितानं डॉक्टरला फोन लावला. फोन लागला नाही. पुन्हा लावला. रेंज नव्हती. मागून कोणीतरी म्हणालं की आधी त्या बाईलाच पाजून पाहा. कोणीतरी हसलं.

सरितानं कॅन जमिनीवर ठेवला आणि ती दोन पावलं मागे सरली. “तुमीच पाजा,” ती धीरजला म्हणाली. “मी हातबी लावत नाई. डॉक्टरनं कसं सांगतलं ते मी इथून सांगते. पण आता पाजा. बसली आहे तोवरच पाजा.”

धीरज हलला नाही. त्याचं वय तिशीच्या आतबाहेरचं असेल. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो गायीकडे न पाहता फाटकातल्या माणसांकडे पाहत होता. सरिताला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की हाही घाबरला आहे.

शकुंतलाबाई गायीच्या डोक्यापाशी बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. त्यांनी कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं.

“सिरकाच हाये,” त्या म्हणाल्या. “आपून लोणच्यात टाकतो तो. धीरज, मान धर तिची.”

“आई, थांब ना जरा.”

“धर म्हणलं ना. सरिता, माह्या हाताले जोर नाई. तू ओत. कसं वतायचं ते तुलेच सांगतलं हाये.”

कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत सिरका आणि माठातलं पाणी मिसळून सरितानं पहिली बाटली भरली. शकुंतलाबाईंनी गायीचा जबडा बाजूनं उघडला. सरितानं बाटलीचं तोंड गालाच्या आत सरकवलं. धीरजनं मान वर उचलली तशी ती म्हणाली की वर नको, सरळ धरा. त्यानं मान खाली केली. घोट उतरला. गायीनं डोकं झटकलं, बाटली निसटली, अर्धं पाणी शकुंतलाबाईंच्या आणि सरिताच्या हातांवरून ओघळलं. पुन्हा भरली. एका बाटलीला एवढा वेळ लागत होता की कॅन कधी संपणारच नाही असं वाटत होतं. मोगरीचे डोळे पांढरे व्हायचे, मग परत यायचे. एकदा ती आडवी कलायला लागली तेव्हा फाटकातले दोन म्हातारे आपण होऊन आत आले आणि तिच्या कुशीला खांदा लावून बसले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मग कोणी पाणी आणायला धावलं. मोबाइलवाला तसाच उभा राहून शूटिंग करत होता.

कॅन तळाला गेला तेव्हा गायीच्या कातडीचं उडणं कमी झालं होतं, किंवा तसं सरिताला वाटत होतं. तिला आपल्या डोळ्यांवर भरवसा नव्हता.

डॉक्टर रूपाली आली ती धुळीनं माखलेली. तिनं कोणाशी न बोलता कुशीवर हात ठोकून पाहिला, नळी घातली, वारा सोडला, सुई दिली, सलाइन टांगलं. आणखी थंड पाणी नळीनं पोटात गेलं. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली आणि विचारलं की सिरका किती गेला. सरितानं रिकामा कॅन दाखवला.

“मॅडम, हे विषच आहे ना?” मोबाइलवाल्यानं फाटकातून विचारलं.

“खत आहे,” डॉक्टर म्हणाली. “तुमच्या घरी गोठ्याजवळ पोतं असेल तर जाऊन आधी त्याचं तोंड बांधा. आणि युरिया आहे हे मला फोनवर कळलं म्हणून सिरका सांगता आला. नाहीतर मी येऊन नुसता पोटातला वाराच काढत बसले असते.”

तो निघून गेला. सरितानं त्याला गल्लीच्या टोकापर्यंत जाताना पाहिलं.

गाय वाचेल असं वाटतं, डॉक्टरनं धीरजला सांगितलं, पण रवंथ सुरू होईपर्यंत खायला काही घालू नका. आणि पोटातल्या वासराचं आज काहीच सांगता येणार नाही. आठवडाभर जाऊ द्या, मग तपासू. त्याआधी अंगावरून काही गेलं तर लगेच कळवा.

रत्नदीप आला तेव्हा दिवेलागण झाली होती. फाटकापाशी अजून चार माणसं होती. त्यांच्यातून तो मान खाली घालून घरात आला आणि बूट न काढता खुर्चीवर बसला. सरितानं सांगितलेलं सगळं त्यानं ऐकलं. फक्त त्यानं एवढं विचारलं की आडनाव विचारणारा कोण होता. तिला माहीत नव्हतं.

सकाळी मोगरी उठून उभी होती. रवंथ सुरू झाला होता. दूध मात्र आटलं. शकुंतलाबाई कुंपणापाशी आल्या नाहीत, सरिताही गेली नाही. ती ऑफिसला गेली तेव्हा शिपायापासून नायब तहसीलदारापर्यंत सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिलेला होता. त्यात सिरका पाजणं नव्हतंच. गाय जमिनीवर बसलेली, सरिता गर्दीतून येताना, आणि तिचं आडनाव. खाली लिहिलं होतं की गायीला विष दिलं. ज्यांच्याबरोबर ती रोज डबा खायची त्यांनी विचारपूस केली, काळजी घ्या म्हणाले. कशापासून काळजी घ्यायची ते कोणी सांगितलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी तीन मोटारसायकली गल्लीत आल्या आणि सरिताच्या घरासमोर थांबल्या. पोरं उतरली नाहीत, गाड्या चालूच ठेवल्या. रत्नदीपनं दिवा बंद केला. सरिताच्या मनात आलं, पोलिसांना फोन करावा, पण सांगायचं काय? गाड्या थांबल्या आहेत एवढंच.

मग शेजारचं फाटक वाजलं. शकुंतलाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आल्या आणि गाड्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पण गल्ली लहान होती, सगळं ऐकू आलं.

“कोनाची गाय मेली?” त्यांनी विचारलं.

पोरांपैकी एकानं सांगितलं की काकू, आम्ही तुमच्याच बाजूनं आलो आहोत.

“माही गाय गोठ्यात हाये. कडबा खाऊन राह्यली. मले तक्रार नाई. मले इचारलं का कोनं? मंग तुमाले कोनं धाडलं?”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. धीरज आईच्या मागे येऊन उभा होता. तो तिथून हलला नाही. थोड्या वेळानं एक गाडी वळली, मग दुसऱ्या दोन. शकुंतलाबाई आत गेल्या. सरिताच्या घराकडे त्यांनी पाहिलं नाही.

उरलेला युरिया सरितानं अण्णाजींकडे परत नेला. अण्णाजींनीही व्हिडिओ पाहिला होता. त्यांनी पिशवी घेतली, निंबोळी पेंड आणि गांडूळ खत तोलून दिलं, आणि झाकणाचा एक जुना ड्रम दुकानामागून काढून तिच्या हवाली केला. रत्नदीपनं रजा टाकून कुंपणाची तार नीट ओढली. वाफ्यात उरलेल्या मिरच्यांना सरिता रोज सकाळी पाणी घालायची. पण तिचं चित्त तिथं नसायचं. पलीकडून गोठ्यातला जरासा आवाज आला की झारी हातात तशीच राहायची.

आठवड्यानंतर डॉक्टर रूपाली आली. धीरज माल उतरवायला दुकानात गेला होता. तो निघाला आहे, पोचतोच, असं तो फोनवर सांगत होता, पण डॉक्टरला पुढे दुसऱ्या गावी जायचं होतं. शकुंतलाबाईंनी कुंपणावरून हाक मारली.

“सरिता, गायीले धराले ये जरा. मले एकटीले ते आवरत नाई.”

सरिता हात धुऊन गेली. तिनं दावं आखूड धरलं आणि मोगरीच्या कपाळाला खांदा लावला. गायीनं तिच्या मनगटाचा वास घेतला आणि ओली नाकपुडी तिच्या हाताला घासली. डॉक्टरनं खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि हात आत घातला. शकुंतलाबाई खांबाला धरून उभ्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते. फाटकातून धीरज धावत आला आणि डॉक्टरचं तोंड पाहून जागीच थांबला.

डॉक्टर डोळे मिटून चाचपत होती. तिनं हात थोडा मागे घेतला, पुन्हा पुढे सारला, थांबली. गाय अस्वस्थ झाली, सरितानं दावं घट्ट केलं. डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली तशी शकुंतलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

“थांबा,” डॉक्टर म्हणाली. आणखी थोडा वेळ गेला. मग तिचा चेहरा सैल झाला. “आहे. जिवंत आहे. आत्ताच हाताला धक्का दिला त्यानं.”

शकुंतलाबाई होत्या तिथंच, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसल्या. धीरज आईजवळ जायचं म्हणून पुढे झाला, मग थांबून सरिताकडे वळला. दावं आता माझ्याकडे द्या म्हणून त्यानं हात पुढे केला. तिनं दावं दिलं. तिच्या तळव्यावर दोराचे लालभडक वळ उठले होते.

“मॅडम,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “त्या पोरांना मी नव्हतं बोलावलं.”

“मले मालूम आहे,” सरिता म्हणाली. खरं तर तिला माहीत नव्हतं. आत्ता कळलं होतं.

डॉक्टरला हात धुवायला पाणी हवं होतं. सरिता बादली घेऊन नळाकडे गेली.